सलामाला सलाम, पण भाव तीन दुकानांत

आपल्या बाजारातला माणूस घरी किती सावध असतो! डझनभर कुलपे घ्यायची तरी तीन दुकाने फिरतो. चामड्याचा तुकडा दुमडून, नखाने ओरखडून पाहतो. बांगडीवरचा शिक्का भिंग लावून वाचल्याशिवाय पैसे मोजत नाही. तोच माणूस परदेशात, ओळखदेख नसलेल्या शहरात उतरला की चहाच्या एका पेल्यावर हजार-दोन हजार डॉलरचा गालिचा घेऊन हॉटेलात परततो आणि घरी फोन करून सांगतो की, सौदा फार चांगला झाला. असे का होते, याचा विचार आपल्या व्यापारी बांधवांनी केला पाहिजे. समोरचा हुशार होता म्हणून आपण फसलो, हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आपल्याच मनात असते आणि त्याविषयी आपण कधी बोलत नाही.

मी लिहितो आहे ते इस्तंबूलविषयी. मुंबईहून तिथे थेट विमान जाते. उमऱ्याला जाणारे अनेक गट जाता-येता दोन-तीन दिवस तिथे थांबतात. कापडवाले लालेली आणि मेरतेरचे घाऊक बाजार पाहायला जातात, सोनार झाकलेल्या बाजारात जातात, चामड्याचे काम करणारे जाकिटांचे नमुने आणतात. शहर देखणे आहे, माणसेही बहुतांशी भली आहेत, हे आधीच सांगतो. पण ज्या शहरात रोज हजारोंनी पाहुणे उतरतात तिथे पाहुण्यांवर जगणारी एक जातही तयार होते. मुंबईत गेटवेजवळ आहे, आग्र्यात आहे, तशी इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागातही आहे.

फरक एवढाच, की आग्र्यात कोणी जवळ आला तर आपण झटकन हात झाडतो. सुलतानअहमदच्या चौकात मात्र समोरचा छातीवर हात ठेवून "अस्सलामु अलैकुम, कार्देशिम" म्हणतो. कार्देशिम म्हणजे माझा भाऊ. झाले! आपला माणूस विरघळतो. घरापासून इतक्या दूर, बोली कळत नाही, आणि एक गोरापान तुर्क आपल्याला भाऊ म्हणतो आहे. तो विचारतो, हिंदुस्थानातून आलात का? मग एखाद्या हिंदी चित्रपट नटाचे नाव घेतो. मग म्हणतो, नीळी मशीद पाहायची ना, आत्ता नमाजाची वेळ आहे, पर्यटकांना बंद आहे, तोवर माझ्या काकांच्या दुकानात चहा घेऊ, घेण्याची सक्ती नाही.

यातली गंमत पाहा. नमाजाच्या वेळी मशीद पर्यटकांना बंद असते हे खरेच आहे. पण आपण नमाजीच ना! वजू करून सरळ आत जावे, कोणी अडवत नाही. नमाजीला नमाजाच्या वेळी मशिदीपासून दूर नेऊन गालिच्याच्या दुकानात बसवणारा हा कसला भाऊ, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही. आयासोफियाचेही तसेच. २०२० साली तिथे पुन्हा नमाज सुरू झाली. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरचा सज्जा पाहायला २५ युरोंचे तिकीट ठेवण्यात आले, पण खाली नमाजाला जाणाऱ्याला तिकीट नाही आणि त्याचे दारही वेगळे आहे. बाहेर उभे राहून "रांग चुकवून देतो" म्हणत दुप्पट दराने तिकिटे विकणाऱ्यांना हे सांगण्यात रस नसतो.

आता त्या काकांच्या दुकानाकडे वळू. तिथे बसवतात, छोट्या काचेच्या पेल्यात चहा किंवा सफरचंदाचा गरम काढा येतो. दोन पोरे एकामागून एक गालिचे उलगडत जातात, वीस, तीस, चाळीस. एवढी मेहनत घेतली, आता काहीच न घेता उठायचे कसे? याच संकोचावर ते दुकान चालते. भाव काय सांगतात याला अर्थ नसतो. निम्म्यावर आला तरी आपण जिंकलो असे वाटते, आणि निम्म्यातही त्या रस्त्यावरच्या भावाचा वाटा धरलेला असतोच. ज्याने तुम्हाला आणले त्याला दुकानदार दलाली देतो, ती तुमच्याच खिशातून जाते. तुम्ही एकटे चालत आलेले गिऱ्हाईक असता तर तेवढी रक्कम घासाघिशीत तुमच्या बाजूला आली असती. त्यामुळे पहिला नियम माझ्या मते हाच: जो आपल्याला दुकानात नेतो त्याच्यासोबत दुकानात जायचे नाही, मग तो टॅक्सीवाला असो, हॉटेलातला पोरगा असो की गाईड.

गालिचाच घ्यायचा असेल तर आपल्या मालेगाव-भिवंडीच्या विणकराला कोणी शिकवायला नको. पण तोही तिथे डोळे मिटून घेतो म्हणून लिहितो. गालिचा उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते. टोकाच्या झालरी म्हणजे ताण्याचेच बाहेर आलेले धागे असतात. त्या वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर यंत्राचा माल समजावा. "अस्सल रेशीम" म्हणून चमकणारे पुष्कळ काही रेयॉन किंवा चकाकी दिलेले सूत असते. दुकानदाराच्या परवानगीने एक धागा ओढून काडी लावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. रेयॉन कागदासारखे भुरकन जळते. जो दुकानदार ही काडी लावू देत नाही त्याला सलाम करून उठावे. हेरेके या गावाचे नाव कोपऱ्यात विणलेले दाखवतील. उस्मानी दरबारासाठी १९व्या शतकात तिथे कारखाना निघाला आणि त्याच्या रेशमी गालिच्यांचे नाव झाले, हे खरे. पण नाव विणायला दोन तास पुरतात आणि ते कुठल्याही देशात विणता येते.

"तुम्ही ओझे नेऊ नका, आम्ही घरपोच पाठवू" हे वाक्य ऐकले की सावध व्हा. पाठवलाच तर तोच पाठवतील याची हमी काय? पाठवण्यावाचून इलाज नसेल तर गालिच्याच्या मागे स्वतःची सही करा आणि सहीसकट फोटो काढा. शिवाय पार्सल आले की आपल्या सीमाशुल्क खात्याचे बिल येते, ते दुकानदार कधी सांगत नाही.

आता स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या खेपेस गेलो तेव्हा गलाता पुलाकडे उतरत होतो. पुढे एक बूटपॉलिशवाला खांद्यावर पितळी पेटी घेऊन घाईने चालला होता. त्याचा ब्रश खाली पडला. मी हाक मारली, उचलून दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. म्हणाला, तुम्ही माझी रोजी वाचवली, तुमचे बूट चमकवून देतो, पैसे नकोत. नको नको म्हणता पाय पेटीवर गेलाही. पॉलिश करता करता अंकाराला आजारी असलेल्या मुलाची गोष्ट झाली, आणि दुसरा बूट संपला तेव्हा त्याने जो आकडा सांगितला त्यात आपल्या गावी नवे बूट आले असते. मी वाद घातला, निम्मे दिले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर तोच ब्रश दुसऱ्या एका पाहुण्यापुढे पडताना मी पाहिला. पडतानाचा आवाजसुद्धा तोच.

मला राग पैशाचा आला नाही. आपल्यातलेही अनेकजण पाय दुमडून, पाठ वाकवून हाताच्या कामावर पोट भरतात. कारागिराविषयी आपल्याला जी माया वाटते तिलाच त्याने गळ लावला होता. मग काय, पुढच्या वेळी ब्रश उचलायचा नाही? उचलावा, जरूर द्यावा. पण पाय पेटीवर ठेवू नये, एवढेच.

पैशाचा गोंधळ हा वेगळाच विषय आहे. तुर्की लिरावरची सहा शून्ये १ जानेवारी २००५ रोजी काढण्यात आली. त्याआधीच्या लाखालाखाच्या नोटा आज निव्वळ कागद आहेत. त्या बदलून घेण्याची मुदत २०१५ अखेर संपली. कोणी सुट्ट्यात किंवा स्वस्तात अशी नोट दिली तर आठवणीदाखल ठेवावी. ५ लिराची नोट पूर्वी ५० लिराच्या नोटेशी रंगाने इतकी मिळतीजुळती होती, की टॅक्सीवाले ५०ची घेऊन "तुम्ही ५च दिलेत" म्हणून ५ची नोट दाखवत. म्हणून २०१३ साली ५च्या नोटेचा रंग बदलून जांभळा करण्यात आला. पण नोट बदलण्याची हातचलाखी काही रंगावर अवलंबून नाही. ती २०० आणि २० मध्येही होते. इलाज साधा आहे. नोट देताना आकडा मोठ्याने उच्चारा आणि नोट त्याच्या हातात जाईपर्यंत नजर हलवू नका. आपण दुकानात गिऱ्हाइकाची पाचशेची नोट सौदा मिटेपर्यंत गल्ल्याबाहेर ठेवतो, ती काय उगाच?

लिराचा भाव गेल्या काही वर्षांत फार घसरला, त्यामुळे पर्यटकांच्या भागात भाव युरो-डॉलरमध्ये बोलतात. त्यातून एक नवी युक्ती निघाली आहे. "अठराशे" म्हणून हात मिळवतात, गिऱ्हाईक लिरा समजते आणि बांधाबांध झाल्यावर अठराशे युरो निघतात. म्हणून आकडा कागदावर आणि त्यापुढे चलनाचे नाव, दोन्ही त्यालाच लिहायला लावा. कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत घेऊ की लिरात" असा प्रश्न आला तर लिरा म्हणा. रुपये म्हटले की परवडत नाही असा दर लावून ते यंत्र आपले कमिशन कापून घेते. ही लबाडी नव्हे, उघड छापलेली रीत आहे, पण खिसा तितकाच हलका होतो.

टॅक्सीबद्दल फार लिहीत नाही. मीटर चालू करायला सांगायचे, नाही म्हणाला तर उतरायचे. विमानतळावर जानेवारी २०२३ पासून मेट्रो येते आणि बसही आहेत. सामान कमी असेल तर त्याच बऱ्या. टॅक्सीचे तीन रंग आहेत, पिवळ्यापेक्षा फिरोजी आणि काळी महाग. पिवळी समजून काळीत बसलेल्याने नंतर भांडू नये.

तकसीमच्या बाजूची गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, कारण तिच्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. संध्याकाळी एकट्या पुरुषाला इस्तिकलाल रस्त्यावर कोणी वेळ विचारतो, आगपेटी मागतो. तोही "पाहुणाच" असतो, अंताल्याहून किंवा सायप्रसहून आलेला. गप्पा रंगतात. चला, कुठे तरी बसू. आपला माणूस म्हणतो, मी दारू पीत नाही. तो म्हणतो, मी तरी कुठे, कोका-कोला घेऊ. आत गेल्यावर टेबलाशी दोन बायका येऊन बसतात, त्यांच्यासाठी बाटल्या येतात, आणि बिल येते ते शेकडो, कधी हजाराच्या वर युरोंचे. दारात दोन धिप्पाड माणसे उभी असतात. पैसे नाहीत म्हटले तर सोबत चालत बँकेच्या यंत्रापर्यंत घेऊन जातात. तो गोड पाहुणा आपला वाटा मुकाट्याने देतो, कारण तो त्याला परत मिळणार असतो.

यात कोणी लुटला गेला तर तो गावी येऊन सांगेल का? सांगणार नाही. मी तर फक्त कोला प्यायलो, हे त्याची बायको कशी मानेल, मोहल्ला कसा मानेल? ही लाज हेच त्या धंद्याचे भांडवल आहे. एक गप्प बसतो म्हणून दुसरा त्याच टेबलावर जाऊन बसतो. माझे मत असे आहे, की लुटला गेलेला माणूस गुन्हेगार नाही आणि त्याने बोललेच पाहिजे. तिथेच तक्रार द्यावी. तातडीचा क्रमांक आता पोलिसांसाठीही ११२ हाच आहे, आणि सुलतानअहमदमध्ये जमिनीखालच्या जुन्या हौदासमोर, म्हणजे येरेबातानपाशी, पर्यटक पोलिसांचे कार्यालय आहे. बिल मात्र हवे. मार नको म्हणून पैसे दिले तरी बिलावाचून दारातून हलू नये, आणि शक्यतो रोख न देता कार्डाने द्यावे, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते.

मिसर चार्शी, म्हणजे मसाल्यांचा बाजार, १६६०च्या दशकात शेजारच्या नव्या मशिदीच्या खर्चासाठी उभा राहिला. तिथे ढिगाने "तुर्की केशर" मिळते, आणि इतके स्वस्त, की काश्मीरच्या केशराचा भाव ठाऊक असलेल्याला मोह व्हावा. आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाने मात्र ते चिमटीत धरून नीट पाहावे. ते करडईच्या फुलांच्या पाकळ्या आहेत! ज्या पिकातून आपण हयातभर चाललो, काटे टोचून घेतले, त्याच पिकाच्या पाकळ्या केशर म्हणून विकत घेऊन येणारे मी पाहिले आहेत. खरे केशर पाण्यात टाकले तर रंग हळूहळू उतरतो आणि तंतू लालच राहतो. त्याच्या टोकाला तुतारीसारखी फाक असते. करडईची पाकळी ही पाकळीच दिसते.

सोन्याचे वेगळे सांगायला नको, तरी एक गोष्ट. तिकडे १४ कॅरेटचे दागिने सर्रास चालतात, त्यावर ५८५ चा शिक्का असतो. २२ कॅरेटवर ९१६. काचेतली चमक पाहून आपल्या सवयीने सगळे बावीसचेच समजू नये. भाव नगावर नव्हे, वजनावर आणि घडणावळ वेगळी लावून विचारावा. झाकलेला बाजार रविवारी बंद असतो. इतर वारी कोणी "आज बंद आहे, आमच्या सोसायटीत चला" म्हणाला तर खुशाल पुढे चालत राहावे.

घाऊक खरेदीला जाणाऱ्यांचे नुकसान यापेक्षा मोठे असते, कारण तिथे बोली लाखांची. लालेलीचा बाजार नव्वदच्या दशकात रशिया आणि आजूबाजूच्या देशांतून बॅगा घेऊन येणाऱ्या फुटकळ व्यापाऱ्यांवर वाढला. तोंडी सौदा आणि रोख पैसा ही त्याची जुनी रीत. आपल्या माणसाला ही रीत आवडते, घरच्यासारखी वाटते. पण नमुना एक आणि पेटीतला माल दुसरा निघाला, तर तोंडी सौद्याला कोणते कोर्ट विचारणार? नमुन्याचा एक तुकडा दोघांच्या सहीने आपल्याकडे ठेवावा. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नयेत. मोठी रक्कम असेल तर बँकेच्या पतपत्रामार्फत व्यवहार करावा. आणि विक्रीचा माल प्रवासाच्या बॅगेतून "घरगुती" म्हणून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. आयात करायची तर आयईसी क्रमांक लागतो, तो काढणे आता अवघड राहिलेले नाही. "बिल नको, कर वाचेल" असे म्हणणारा दुकानदार आपला कर वाचवत नाही, स्वतःचा वाचवतो. परदेशी पाहुण्याला विमानतळावर जो कर परत मिळू शकतो, तोही बिलाअभावी बुडतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी सूरह बकराची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. भाऊ-भाऊ असताना लिहायचे कशाला, असे म्हणणाऱ्याला एवढे आठवण करून द्यावे.

त्या बाजाराचाही एक काळ होता. १४५३ नंतर सुलतान फातिहने झाकलेल्या बाजाराचा पहिला भाग बांधला आणि त्याचे उत्पन्न आयासोफियाच्या वक्फला दिले. अनातोलियात कारागिरांच्या अही संघटना होत्या. १३व्या शतकातले किरशेहिरचे अही एवरान हे कातडी कमावणाऱ्यांचे पीर मानले जातात. असे सांगतात, की चांभाराने खराब जोडा विकला तर संघटनेचे लोक तक्रार ऐकत आणि तो जोडा त्याच्याच दुकानाच्या छपरावर फेकत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. "त्याचा जोडा छपरावर गेला" हा वाक्प्रचार तुर्की भाषेत आजही आहे, मान उतरलेल्या माणसाबद्दल वापरतात. आज त्या बाजारात प्रामाणिक गालिचेवाले आहेत, पितळेवर ठोका मारणारे आहेत, आणि दलाली देत नाहीत म्हणून त्यांच्या दारात गाईड थांबत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू विणकराला विचारा. वेरूळ-अजिंठ्याचा पाहुणा कोणाच्या दारात उतरवायचा हे गाडीवाला ठरवतो, विणकर नव्हे. ते दुःख आपण जाणतो, आणि तरी तिकडे गेल्यावर त्याच दलालीच्या साखळीत गिऱ्हाईक म्हणून आपणच बसतो.

सर्वांत कडू गोष्ट शेवटी लिहितो, कारण ती आपल्याच लोकांची आहे. उमऱ्याच्या गटासोबत इस्तंबूल दाखवणाऱ्या काही टूरचालकांच्या वेळापत्रकात "कलाकुसर केंद्राला भेट" असते. म्हातारी माणसे, आयुष्यभराची बचत, सोबत आपल्या ओळखीचा, मोहल्ल्यातला, कधी आपल्याच जमातीतला टूरचालक. ते केंद्र म्हणजे त्याच काकांचे दुकान, चामड्याच्या जाकिटांचे किंवा गालिच्यांचे. तिथे दीड-दोन तास जातात, आणि आयासोफियाला वीस मिनिटे मिळतात. सगळेच असे करतात असे मी म्हणत नाही. पण करणाऱ्यांना कोणी विचारतही नाही. ज्याच्या हातात आपण पासपोर्ट दिला, आईवडील दिले, त्याने त्यांना कुठल्या दुकानात किती दलालीवर बसवले, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. ही अमानत आहे, धंद्याची गुप्त बाब नव्हे.

आपल्या व्यापारी संघटनांनी आणि जमातींनी यात लक्ष घालावे. गट निघण्याआधी एक बैठक घ्यावी, तिथे आधी जाऊन आलेल्यांनी, फसलेल्यांनीही, उघड बोलावे. मी बूटपॉलिशची गोष्ट सांगायला तयार आहे. आणि पहिला हप्ता भरण्याआधी टूरचालकाकडून त्याच्याच लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: वेळापत्रकात खरेदीची दुकाने किती आहेत, आणि त्या दुकानांकडून त्याला काही मिळते का.